आबांची गोष्ट नेहमी तिथंच का थांबते?

ऐकायला वेळ नसतो, वाचायला बरं पडतं, असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून हा एपिसोड लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय. फक्त मधले ‘अं’ आणि शेजारच्या कोंबड्याचा आवाज गाळलाय.

 

आजचा विषय मोठा आहे. माणूस जन्मल्यापासून म्हातारा होईपर्यंत मनानं कसा वाढतो, आणि त्याबद्दल मानसशास्त्रात कोणी काय सांगून ठेवलंय. आता तुम्ही म्हणाल, हा बीटेकवाला, पुण्यात कोडिंग करणारा, याला काय कळतं यातलं? बरोबर आहे. मी मानसशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. पण माझं वय २८, लग्न झालेलं नाही, आणि दिवाळीला गावी गेलो की प्रत्येक जण एकच विचारतो, ‘मग, सेटल कधी होतो?’ म्हणून मी वाचायला लागलो. म्हटलं, कोणत्या वयात काय व्हायला पाहिजे, याचा कुणी शास्त्रशुद्ध रोडमॅप काढला असेल तर बघू तरी आपण किती मागं आहोत.

रोडमॅप मिळाला नाही. दुसरंच काहीतरी मिळालं. तेच सांगतो.

आमचं गाव मेहकर तालुक्यात. बुलढाण्याच्या लोकांसाठी सांगतो, आम्ही घाटावरचे. या दिवाळीला घरात चार पिढ्या होत्या. आबा ७७ वर्षांचे, आणि आजी. बाबा ५५ चे, आणि आई. मग मी आणि ताई. आणि ताईची दोन लेकरं, भाचा पाच वर्षांचा, भाची चौदा महिन्यांची.

आबांची एक सवय आहे. दिवस मावळला की ओट्यावर बसतात आणि बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगतात. रोज तीच. विहिरी आटल्या, बैल विकला, खडी फोडायला गेलो, कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो यायची आणि तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. आणि रोज गोष्ट एकाच वाक्यावर थांबते, “मंग मी धाकल्याले घेऊन कामावर गेलो.” धाकला म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे धाकले आजोबा. त्या वाक्यानंतर आबा गप्प होतात आणि चहा मागतात.

घरात सगळ्यांना गोष्ट पाठ आहे. आई आमच्याकडं बघून हसते, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, आणि मी, खरं सांगतो, कानात इअरबड घालायचो. हे आबांचं डोक्यात ठेवा. शेवटी तिथंच यायचंय. पण सुरुवात भाचीपासून करू.

चौदा महिने

एके दिवशी ताई दळण आणायला गिरणीवर गेली. भाचीनं जो काही भोंगा लावला! ताई परत आली, पोरगी तिला चिकटली, दोन मिनिटं हुंदके दिले, आणि लगेच खाली उतरून शेळीच्या मागं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “लय लाडावली बाई. रडू द्या थोडं.”

इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांबद्दल त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली एक अहवाल लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की बाळाला दूध आणि कपड्यांइतकीच एका भरवशाच्या माणसाची गरज असते. त्यांच्यासोबत काम केलेल्या मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडाच्या खेड्यांत आणि मग अमेरिकेत बाळांचं बारकाईनं निरीक्षण केलं. त्यांनी एक प्रयोग बसवला. आई थोडा वेळ खोलीतून बाहेर जाते आणि परत येते. बाळ रडतं का, यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करतं, याकडं त्या बघायच्या. आईला बिलगून शांत झालं आणि पुन्हा खेळायला निघालं, तर त्याला भरवसा आहे. म्हणजे आमची शेळीच्या मागं धावणारी भाची.

आणि काकूंसाठी, एन्सवर्थ यांना असं आढळलं, की पहिल्या काही महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला लगेच ओ मिळाली, ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. उचलल्यानं लेकरू बिघडत नाही. हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुले काय माईत, तुले कुठं लेकरं हायेत.” विषय परत लग्नावर.

पाच वर्षं

आता भाचा. दोन सारख्या ग्लासांत सारखं दूध ओतलं. दोन्ही सारखं आहे, हे त्यानं स्वतः मान्य केलं. मग त्याच्या समोरच एका ग्लासातलं दूध पसरट वाटीत ओतलं. विचारलं, आता जास्त कशात? म्हणाला, “ग्लासात. वाटीतलं कमी झालं.” मी परत ग्लासात ओतून दाखवलं, परत वाटीत. तरी तेच.

हा प्रयोग स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांचा. त्यांनी स्वतःच्या तीन मुलांना वाढताना बघून पुष्कळ काही लिहिलं. त्यांचं मोठं सांगणं हे, की लहान मूल म्हणजे कमी अकलेचा मोठा माणूस नव्हे. त्याचं लॉजिकच वेगळं चालतं. पहिली दोन वर्षं ते हातानं आणि तोंडानं जग समजून घेतं. सातपर्यंत जे दिसतं तेच खरं. सात ते अकरा हिशेब जुळायला लागतो, पण समोर वस्तू असली तर. आणि अकराच्या पुढं ‘समजा असं झालं तर’ हा विचार जमायला लागतो. आपल्या भाषेत सांगायचं, तर भाच्याचं उत्तर हा बग नाही. त्या वर्जनमध्ये तसंच चालतं.

पियाजे सगळीकडंच बरोबर होते असं नाही. वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे कळायला बाळाला आठ-नऊ महिने लागतात, असं ते म्हणायचे. १९८५ च्या एका प्रयोगात पाच महिन्यांच्या बाळांनाही त्याची थोडी जाण असल्याचं दिसलं. शिवाय पियाजेंचं मूल बरंचसं एकटंच शिकतं. रशियाचे लेव व्हिगोत्स्की यांचं म्हणणं वेगळं होतं. मूल एकट्यानं काय करू शकतं आणि कुणी हात दिला तर काय करू शकतं, यामधली जी जागा असते तिथं शिकणं घडतं. हे समजायला पुस्तक नको, आमची आजी बघा. भाचा चुलीजवळ आला की त्याला लिंबाएवढा पिठाचा गोळा देते. तो थापतो, भाकरी फाटते, आजी कडेनं बोट लावून सांधते, परत त्याच्या हातात देते. सगळं स्वतः करत नाही आणि सगळं त्याच्यावरही सोडत नाही. व्हिगोत्स्की १९३४ साली फक्त ३७ व्या वर्षी गेले. आजीला त्यांचं नाव माहीत नाही, पण दोघांचं जमलं असतं.

शाळा जेव्हा कुरणात गेली

इथपर्यंत सगळी नावं परदेशातली झाली. पण हे सिद्धांत आपल्या मातीत आणून कुणी बघितले का? बघितले, आणि ते नाव प्रत्येक मराठी मुलानं ऐकलेलं असायला पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला मॉन्टेसरी पद्धतीचं काम करून आलेल्या. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा तो ठाणे जिल्हा, आता पालघर. अनुताई तिथंच त्यांच्यासोबत आल्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये.

तिथं अडचण काय आली बघा. मॉन्टेसरीची साधनं महागडी. मग खडे, बिया, पानं, शिंपले, जे आजूबाजूला मिळेल त्यावर मोजणं आणि रंग शिकवायचे. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावर कुणाच्या तरी अंगणात भरवायची. हीच ती अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरं चारायला जायची, तर मास्तर गुरांच्या मागं जायचे आणि चरायच्या जागी शाळा भरायची. तिचं नाव कुरणशाळा. आणि सात-आठ वर्षांच्या पोरी शाळेत का येत नाहीत? कारण कडेवर धाकटं भावंड. मग एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. त्याला नाव दिलं विकासवाडी.

मला हे वाचताना एक गोष्ट लागली. पुस्तकातला तक्ता सांगतो, सात ते अकरा या वयात मूल हिशेब शिकतं. पण ती पोरगी एकटी सात वर्षांची नाहीच. तिच्या कमरेवर एक वर्षाचं लेकरू आहे. त्या लेकराची सोय केल्याशिवाय तिचं सातवं वर्ष सुरूच होत नाही. एका माणसाचं वय दुसऱ्याच्या वयात अडकलेलं असतं. देशात अंगणवाडीची सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी या दोघींनी हे टेकडीवर करून बघितलं होतं.

आणि अनुताईंचं स्वतःचं बालपण? तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य तिथंच संपलं असं धरायचे. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ३५ व्या वर्षी बोर्डीला आल्या. कुठल्याच रोडमॅपमध्ये बसणारं हे आयुष्य नाही. पण एका माणसाच्या मांडणीत ते नीट बसतं. तो म्हणजे एरिक एरिकसन.

आठ प्रश्न

एरिकसन १९०२ चा, जन्म जर्मनीतला. खरा बाप कोण, हे त्याला कधीच कळलं नाही. आईनं पुढं ज्यू डॉक्टरशी लग्न केलं. शाळेत पोरं ज्यू म्हणून चिडवायची आणि ज्यू लोकांत गोरा, निळ्या डोळ्यांचा म्हणून परका. युनिव्हर्सिटीची डिग्री नाही. तरुणपणी चित्रं काढत भटकला, मग व्हिएन्नात शिक्षक झाला, आणि गंमत म्हणजे तिथं त्यानंही मॉन्टेसरीचं प्रशिक्षण घेतलं. पुढं अमेरिकेला गेला आणि तिथलं नागरिकत्व घेताना एरिकसन हे आडनाव स्वतःच लावून घेतलं. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्द आपण जो वापरतो, तो याचा. ज्याला स्वतःचं नाव स्वतः शोधावं लागलं, त्यालाच तो सुचायचा.

१९५० च्या पुस्तकात त्यानं मांडलं, की माणसाची वाढ विसाव्या वर्षी थांबत नाही. शेवटपर्यंत चालते. आठ टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला आयुष्य एक प्रश्न विचारतं. मी साध्या भाषेत सांगतो.

बाळाला, या जगावर भरवसा ठेवू का? दोन-तीन वर्षांच्याला, माझं मी करू का, की लाज वाटेल? चार-पाचला, मी नवीन काही सुरू केलं तर चालेल का, की ओरडा बसेल? शाळेच्या वयात, मला काही जमतं का? वयात येताना, मी कोण? तरुणपणी, मी कुणाच्या मनापासून जवळ जाऊ शकतो का, की एकटाच राहणार? मध्यम वयात, माझ्या मागं येणाऱ्यांसाठी मी काय करतोय? आणि म्हातारपणी, जगलो ते ठीक जगलो का?

मध्यम वयाच्या प्रश्नाचं उत्तर फक्त स्वतःची मुलं असणं हे नाही, असं एरिकसन म्हणतो. पुढच्या पिढीची काळजी कुठल्याही रूपात घेता येते. अनुताईंना स्वतःचं मूल नव्हतं. पण त्या प्रश्नाला त्यांच्याइतकं भरभरून उत्तर कितींनी दिलं असेल?

आता आपला प्रश्न, मी कोण? जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली यावर पुढं काम केलं. त्यांनी बघितलं, की काही तरुण सगळं चाचपून मग ठरवतात. काही अजून चाचपतायत. काही ना शोधतात ना ठरवतात. आणि काही असतात ज्यांनी शोधलंच नाही, घरच्यांनी ठरवलेलं तेच आपलं मानलं. हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद केला. कारण हा चौथा गडी म्हणजे मीच. माझं बीटेक करायचं हे मी आठवीत असल्यापासून ठरलेलं होतं. ठरवलं आबांनी. दीड एकर वावर विकून फी भरली. मला कुणी विचारलंच नाही, ही चिडचिड माझ्या मनात दहा वर्षं होती. बोललो कधीच नाही.

एरिकसन असंही म्हणतो, की तरुणांना थोडी मोकळीक मिळायला पाहिजे, चुकायला आणि शोधायला. अमेरिकेत जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ या वयाला एक वेगळा टप्पाच म्हटलं. पण ही मोकळीक कुणाला परवडते? आमच्या गावची चार पोरं पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसतात. पाच-पाच वर्षं एमपीएससी. बाहेरून बघितलं तर तीही मोकळीकच. पण तिथं शोध नाही, फक्त वाट बघणं आहे, आणि दर महिन्याला घरून येणाऱ्या पैशांचं ओझं. त्यांना ‘मी कोण’ विचारलं तर उत्तर येतं, ‘निकाल लागला की सांगतो.’ हसू नका. मीही त्यांच्याहून फार वेगळा नाही, फक्त माझा निकाल लवकर लागला.

दातेरी चाकं

आता एक आपला माणूस. सुधीर काकर. शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर! साठच्या दशकात एरिकसन गांधीजींवर अभ्यास करायला अहमदाबादला आला. १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपावरचं त्याचं पुस्तक १९६९ ला आलं. तेव्हा तरुण काकर त्याला भेटले, आणि त्या भेटीनं त्यांचं आयुष्यच वळलं. पुढं ते हार्वर्डला त्याचे सहायक झाले, मनोविश्लेषक झाले आणि भारतीय माणसाच्या मनावर आयुष्यभर लिहिलं. नंतर ते गोव्यात राहायला आले. २०२४ मध्ये गेले. म्हणजे ‘इंजिनिअरिंगनंतर आता काय करू’ या प्रश्नाचं हेही एक उत्तर असतं.

काकर यांनी आपली आश्रमांची जुनी कल्पना आणि एरिकसनचे टप्पे शेजारी शेजारी ठेवून बघितले. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. तिथंही प्रत्येक वयाचं एक काम आहे आणि म्हातारपण म्हणजे नुसतं उरलेलं आयुष्य नाही. हे ऐकून छाती फुगायच्या आधी एक लक्षात ठेवू, ही योजना मुळात वरच्या तीन वर्णांच्या पुरुषांसाठी लिहिलेली होती. माझी आजी तिच्यात कुठंच नाही. बायकांचा हिशेब न धरणं हा दोष अमेरिकेतही होता. नैतिक विचार कसा वाढतो, हे लॉरेन्स कोलबर्ग यांनी मांडलं ते मुलग्यांशी बोलून. त्यावर कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली मुलींचा आवाज कुठाय म्हणून पुस्तक लिहिलं.

पण मला एरिकसनची जी गोष्ट सगळ्यांत पटली, ती वेगळीच. तो म्हणतो, पिढ्यांचे टप्पे दातेरी चाकांसारखे एकमेकांत बसलेले असतात. बाळाला भरवसा वाटणं हे आईबापाच्या मध्यम वयावर अवलंबून. आणि उलटही, मोठ्या माणसालाही आपली कुणाला तरी गरज असावी लागते. एक चाक फिरलं की दुसरं फिरतं. कोसबाडची कडेवर लेकरू घेतलेली पोरगी आठवा. मग मी विचार केला, आमच्या घरातलं आबांचं चाक कशात अडकलंय? बाबा वावरात, मी पुण्यात, ताई सासरी. ते चाक ओट्यावर एकटंच फिरतंय. रोज तीच गोष्ट, रोज त्याच दात्याशी अडतंय.

ओट्यावरची संध्याकाळ

म्हातारपण म्हणजे फक्त घट, असं नसतं. जर्मनीचे पॉल बाल्टेस सांगायचे, की प्रत्येक वयात काही मिळतं आणि काही जातं, आणि शहाणा माणूस कमी झालेल्या ताकदीत मोजकंच निवडून ते नीट करतो. आबा आता वावरात जात नाहीत. पण घरामागं दोन वाफे मेथी-कोथिंबीर आहे, तिथं एक तण दिसणार नाही.

आणि तीच तीच गोष्ट सांगण्याबद्दल? रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ साली एक लेख लिहिला. तोपर्यंत म्हातारी माणसं जुनं उगाळायला लागली की लोक म्हणायचे, डोकं चालेनासं झालं. बटलर म्हणाले, तसं नाही. शेवट जवळ आला, हे जाणवलं की माणूस आपलं आयुष्य पुन्हा तपासतो. आणि जे मिटलेलं नसतं ते परत परत वर येतं.

जे मिटलेलं नसतं ते. हे वाक्य वाचलं आणि मला ‘धाकल्याले घेऊन कामावर गेलो’ ऐकू आलं.

त्या संध्याकाळी इअरबड खिशात ठेवले. आबांना विचारलं, रेकॉर्ड करू का? म्हणाले, “कर, पन मोबाईल तोंडापशी नको आनू.” गोष्ट सुरू झाली. बैल, खडी, सुकडी, मिलो. “मंग मी धाकल्याले घेऊन कामावर गेलो.” थांबले. चहा मागायच्या आधी मी विचारलं, “आबा, धाकले आजोबा तेव्हा केवढे होते?”

बराच वेळ काही नाही. रेकॉर्डिंगमध्ये नुसता शेळीचा आवाज आहे. मग म्हणाले, “पाचवीत व्हता. पयला नंबर यायचा त्याचा. मास्तर घरी आल्ते. म्हने, याले शाळेतून काढू नका. मी म्हनलं, मंग पोटाले काय घालू, फळ्यावरचं लिवलेलं?”

मी गप्प. तेच पुढं बोलले. “पानी पडलं, दुष्काळ गेला. पन मंग शाळा राह्यली ते राह्यलीच.”

आणि मग माझ्याकडं बघून, “तुह्यासाठी वावर इकलं तं लोकं म्हने, म्हतारा येडा झाला. मले धाकल्याची फी भराची व्हती, बाप्पा. ते राह्यली व्हती.”

मंडळी, दहा वर्षं मी समजत होतो, की माझ्यावर कुणीतरी निर्णय लादला. तो निर्णय माझ्याबद्दलचा नव्हताच. ती १९७२ सालची थकलेली फी होती. यानं माझा ‘मी कोण’ सुटला का? नाही. मला न विचारता ठरवलं, हे आजही खरंच आहे. पण कुणी ठरवलं आणि का ठरवलं, हे माहीत असणं वेगळं. त्या चिडचिडीला आता चेहरा आहे, पाचवीतल्या एका पोराचा आणि चोवीस वर्षांच्या त्याच्या भावाचा. चोवीस. आज मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीत धाकल्या आजोबांकडं गेलो. आता ते ६४ चे. सहज विचारावं तसं विचारलं. ते खळखळून हसले. “मले तं शाळेचा कटाळाच व्हता. मास्तर लय मारे. दादानं सोडवलं बरं झालं.” आता ज्याचा पहिला नंबर यायचा, ज्याच्यासाठी मास्तर घरी आले, त्याला शाळेचा कंटाळा होता? खरं बोलले, की मोठ्या भावासाठी खोटं बोलले, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

पण संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. आबांशेजारी बसले. दोघं तासभर सोयाबीनच्या भावावर बोलले. दुष्काळाचं, शाळेचं एक अक्षर नाही. चहा झाला, गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी गोष्ट परत सांगितली. सगळं तसंच. फक्त ‘कामावर गेलो’च्या पुढं एक वाक्य जास्त आलं, “मास्तर आल्ते घरी, पन माह्या हातात काई नव्हतं.” मग चहा मागितला. गोष्ट बावन्न-त्रेपन्न वर्षांनी एक पाऊल पुढं गेली. मी याला आनंदी शेवट म्हणणार नाही. एरिकसनही म्हणत नाही, की म्हाताऱ्या माणसाला काहीच खंत उरू नये. खंत असतेच. तिच्यासकट ‘हे आयुष्य माझंच’ म्हणता आलं, तर पुरे.

जाता जाता

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर एवढंच करा. गोष्ट जिथं थांबते तिथं एक साधा प्रश्न विचारा, आणि मग गप्प बसा. रेकॉर्ड करायचं तर विचारून करा. खोदून काढू नका, आपण डॉक्टर नाही. आणि एक फरक ओळखा. जुनी गोष्ट पुन्हा सांगणं वेगळं. पण सकाळचं जेवण आठवत नाही, घरची वाट चुकते, ओळखीची माणसं ओळखू येत नाहीत, किंवा माणूस खाणं-बोलणंच सोडून देतो, असं असेल तर ‘वय झालं’ म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. आपल्या वयाच्या लोकांसाठीही आहे.

हे सगळं आबांना आणि धाकल्या आजोबांना विचारूनच सांगितलंय. आबा म्हणाले, “सांग, पन गावाचं नाव नको घेऊ.” म्हणून तालुक्यावर थांबलो.

शेवटचं. एरिकसन गेल्यावर त्याच्या बायकोनं, जोननं, आठ टप्प्यांना नववा जोडला. ती स्वतः तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती. तिचं म्हणणं, अगदी शेवटी शरीर ऐकेनासं होतं आणि माणूस परत पहिल्या प्रश्नाशी येतो, भरवसा ठेवू का? मी निघालो त्या सकाळी बघितलं, आबा ओट्याकडं यायला भिंत धरून चालत होते आणि त्याच भिंतीला धरून समोरून भाची येत होती. मधोमध दोघं अडले. कोण बाजूला होणार? शेवटी आजी आली आणि तिनं एकेक हात दोघांना दिला.

आणि हो, बस मेहकरच्या बाहेर पडली तेव्हा लक्षात आलं, आबांना विचारलं, धाकल्या आजोबांना विचारलं. पण बाबा? ५५ वर्षांचा माणूस, टीव्हीचा आवाज वाढवून बसलेला. वावर विकलं तेव्हा त्यांना काय वाटलं होतं, हे मी आजवर एकदाही विचारलेलं नाही. येत्या संक्रांतीला जाणार आहे. काय झालं ते सांगेन.

तोवर काळजी घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.